आज टोचलं, काम तीन आठवड्यांनी: रिस्पर्डाल कॉन्स्टाच्या कणांचं प्रकरण

रिस्पर्डाल कॉन्स्टा हे स्किझोफ्रेनियावरचं इंजेक्शन. त्यात रिस्पेरिडोन हे औषध पॉलिमरच्या बारीक कणांत भरलेलं असतं. दर दोन आठवड्यांनी कमरेत किंवा दंडात, खोल स्नायूत देतात. त्याच्या माहितीपत्रकात औषध शरीरात कसं सुटतं याचं वर्णन आहे आणि पहिल्यांदा वाचणारा तिथे थबकतोच. टोचल्यावर सुरुवातीला मात्रेच्या 1 टक्क्याहूनही कमी औषध बाहेर पडतं. मग तीन आठवडे जवळजवळ शुकशुकाट. खरा पुरवठा तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू होतो, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात टिकून राहतो आणि सातव्यापर्यंत ओसरतो. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर तीन आठवडे रुग्णाला तोंडानं गोळ्या द्याव्याच लागतात. गोळ्या नियमित घेणं जमत नाही म्हणून ज्याला इंजेक्शनवर आणलं, त्यालाच आणखी तीन आठवडे गोळ्या.

हे प्रकरण औषधनिर्माणशास्त्राच्या कुठल्याही वर्गात मांडलं की मागच्या बाकावरून पहिलं उत्तर ठरलेलं येतं: कण मोठे असतील, बारीक करा. उत्तर तर्काला धरून आहे आणि बऱ्याच औषधांच्या बाबतीत बरोबरही ठरतं. इथे मात्र ते अर्धंच लागू पडतं. ते कुठवर चालतं आणि कुठे अडतं, एवढाच या लेखाचा विषय.

बाटलीत काय आहे

या आधीची लांब पल्ल्याची मनोविकारावरची इंजेक्शनं बहुतेक तेलातली. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ही नावं आपल्याकडच्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं परिचयाची आहेत. औषधाच्या रेणूला एक लांब मेदाम्ल जोडायचं आणि तो तिळाच्या तेलात विरघळवून टोचायचा, अशी ती युक्ती. रिस्पेरिडोनच्या रेणूवर मेदाम्ल जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गटच नाही, त्यामुळे हा रस्ता बंद होता. रिस्पेरिडोन यान्सेनचं, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या घरचं. त्याला पॉलिमरच्या कणांत बसवण्याचं तंत्र अल्कर्मीस या तेव्हाच्या अमेरिकी कंपनीचं. कण बनतात ओहायो राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये. युरोपात हे औषध 2002 मध्ये आलं, अमेरिकेच्या एफडीएनं ऑक्टोबर 2003 मध्ये मंजुरी दिली.

पॉलिमरचं नाव पीएलजीए. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांच्या साखळ्या. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले. पाणी साखळीतले एस्टर बंध एकेक करून तोडतं, शेवटी दोन साधी आम्लं उरतात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. कॉन्स्टात लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडचं प्रमाण 75:25 आहे. लॅक्टाइड जास्त म्हणजे साखळी पाण्याला जास्त बिचकणारी, तुटायला जास्त दिवस घेणारी. एक ग्रॅम कणांमध्ये 381 मिलिग्रॅम रिस्पेरिडोन असतं, म्हणजे वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त औषधच. बाकीचं पॉलिमर.

बनवण्याची पद्धत पेटंटांमध्ये सविस्तर दिली आहे. औषध आणि पॉलिमर दोन्ही इथाइल ॲसिटेट आणि बेंझिल अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवायचं. ते द्रावण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेल्या पाण्याबरोबर एका नळीतून ढकलायचं. नळीत फिरतं पातं नसतं, आडव्यातिडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांवर आपटून द्रावणाचे बारीक थेंब होतात. हे थेंब भरपूर पाण्यात सोडले की आतला द्रावक निघून जातो आणि थेंबाचा घट्ट गोल कण होतो. मग धुणं, वाळवणं, चाळणं. फार बारीक कण चाळणीतून गळून जातात, फार मोठे वरच अडकतात. साधारण 25 ते 180 मायक्रॉनमधला माल बाटलीत जातो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

25 ते 180 हा पल्ला कागदावर फार मोठा वाटत नाही. पण कण गोल आहे आणि गोलाचं आकारमान व्यासाच्या घनानं वाढतं, त्यामुळे 180 मायक्रॉनच्या एका कणात 25 मायक्रॉनचे सुमारे 373 कण मावतील एवढं औषध असतं.

आकाराचा हिशेब

खडीसाखरेचा खडा आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर एकाच वेळी पाण्यात टाकली, तर आधी काय विरघळेल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मागच्या बाकावरचं उत्तर इथूनच येतं. ते आकड्यांत मांडून पाहू.

25 मिलिग्रॅमच्या मात्रेला साधारण 66 मिलिग्रॅम कण लागतात. कणांची घनता दर घनसेंटिमीटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरली आणि सगळे कण नेमके 100 मायक्रॉनचे आहेत असं मानलं, तर एका इंजेक्शनात लाखभर कण येतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 31-32 चौरस सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीच्या वरच्या-खालच्या दोन बाजूंएवढा होतो. तेच औषध 10 मायक्रॉनच्या कणांत भरलं तर कण होतील दहा कोटी आणि पृष्ठभाग दहापट. मात्रा तीच, पॉलिमर तोच, पण पाण्याला भिडणारी जागा दहापट.

अंतराचा हिशेब याहून तिखट आहे. कणाच्या पोटातल्या रेणूला कुठल्याही दिशेनं ढकलाढकली करत बाहेर यायचं असतं, आणि अशा भटकंतीला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. 25 मायक्रॉनचा कण एका दिवसात रिता होत असेल, तर याच हिशेबानं 180 मायक्रॉनच्या कणाला 52 दिवस लागायला हवेत. औषध फक्त झिरपूनच बाहेर येत असतं, तर एकाच बाटलीत एक दिवसवाले आणि दीड महिनावाले कण शेजारीशेजारी बसले असते. टोचल्या दिवसापासून पुरवठा सुरू झाला असता आणि हळूहळू मंदावत गेला असता.

कॉन्स्टाचा आलेख तसा मुळीच नाही. 25 मायक्रॉनवालेही गप्प, 180 वालेही गप्प. सगळा गठ्ठाच तीन आठवडे थांबतो. इथे तपासाची दिशा बदलते.

फक्त आकार बदलून पाहिला तेव्हा

आकाराचा परिणाम स्वच्छ मोजण्यात एक मोठी अडचण असते. नेहमीच्या पद्धतीनं कण केले की लहान-मोठे सगळे एकत्र येतात. चाळून वेगळे केले तरी प्रत्येक चाळणीत बराच पसारा राहतो. इलिनॉय विद्यापीठातल्या कोरी बर्कलँड, कायक्यून किम आणि डॅनियल पॅक यांनी 2001 च्या सुमारास यावर छान तोडगा काढला. पॉलिमरचं द्रावण बारीक छिद्रातून धारेनं सोडायचं, त्या धारेला ठरावीक वारंवारतेची कंपनं द्यायची आणि भोवतीनं दुसरी पाण्याची धार वाहती ठेवायची. धार प्रत्येक कंपनाला एकसारखी तुटते आणि थेंब जवळजवळ एकाच मापाचे पडतात. किती वेगानं सोडायचं आणि किती कंपनं द्यायची यावर कणाचा व्यास ठरवता येतो.

या पद्धतीनं त्यांनी पिरॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे 10, 50 आणि 100 मायक्रॉनचे कण केले, तसेच रोडामाइन या रंगद्रव्याचे 20, 40 आणि 65 मायक्रॉनचे. पिरॉक्सिकॅमच्या बारीक कणांनी अपेक्षेप्रमाणे सुरुवातीला भराभर औषध सोडलं आणि मग मंदावले. मोठ्या कणांच्या आलेखाचं वळणच निराळं होतं: आधी संथ, मधेच वेग, शेवटी पुन्हा संथ. नुसत्या झिरपण्यानं असं वळण येत नाही. मधेच वेग वाढतो म्हणजे आत काहीतरी बदललेलं असतं.

या प्रयोगांतला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा. दोन मापांचे कण ठरावीक प्रमाणात मिसळले, तर मिश्रणातून औषध दोन्हींच्या बेरजेप्रमाणेच सुटतं. एकाचा उतार दुसऱ्याच्या चढावावर बसवला की जवळपास सरळ रेषा मिळते, म्हणजे रोज सारखंच औषध. आकार हे असं हत्यार म्हणून वापरता येतं. मात्र त्यासाठी माप आधी हातात असावं लागतं, आणि कारखान्यातल्या नळीतून निघणाऱ्या मालावर तेवढी पकड ठेवणं सोपं नाही.

आणखी एक गोष्ट या कामातून पुढे आली. मोठा थेंब सुकायला जास्त वेळ घेतो. तेवढ्या वेळात काही औषधं आतून सरकत कवचाजवळ येऊन बसतात, काही आहेत तिथेच राहतात. म्हणजे मोठ्या कणात औषधाला सरसकट लांबचा प्रवास करावा लागतो, हेही गृहीत धरता येत नाही. ते आधीच दारात येऊन बसलेलं असू शकतं.

पोटातलं आम्ल

मोठ्या कणाच्या आत नेमकं काय बदलतं याचा धागा त्याही आधी सापडला होता. फ्रान्समध्ये मिशेल व्हर्ट आणि सुमिंग ली यांनी 1990 च्या आसपास लॅक्टिक आम्लाच्या पॉलिमरचे बऱ्यापैकी जाड तुकडे पाण्यात ठेवून पाहिले. साबण झिजतो तसं बाहेरून आत झिजायला हवं होतं. झालं उलट. तुकडे आतून आधी कुजले आणि बाहेर कवच उरलं. कारण एस्टर बंध तुटला की आम्ल तयार होतं, आणि आम्लामुळे पुढचे बंध आणखी लवकर तुटतात. पृष्ठभागाजवळचं आम्ल पाण्यात निघून जातं. पोटातलं जाऊ शकत नाही, ते साचतं.

हे साचणं किती, तेही पुढे मोजलं गेलं. 2000 साली एमआयटीत पीएच बघून चमक बदलणारी रंगद्रव्यं पीएलजीएच्या कणांत भरून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कणाच्या मध्याशी पीएच 1.5 पर्यंत उतरलेला दिसला. जठरातल्या रसाएवढं आम्ल, आणि तेही बाहेरचं द्रावण तटस्थ असताना. त्याच वर्षी डब्लिनच्या एका अभ्यासात वेगवेगळ्या मापांचे पीएलजीए कण ठेवले तेव्हा सगळ्यात मोठे कण सगळ्यात लवकर विघटित झाले आणि सगळ्यात बारीक सगळ्यात सावकाश.

म्हणजे आकार वाढवला की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. औषधाचा रस्ता लांबतो, आणि तो रस्ता अडवणारी भिंत लवकर पोखरली जाते. पहिली गोष्ट पुरवठा मंदावते, दुसरी वाढवते. यांतली कोण जिंकते, हे औषधावर आणि पॉलिमरवर ठरतं. युर्गन सीपमन यांच्या गटानं 2005 च्या सुमारास हीच रस्सीखेच समीकरणांत बसवली. कणाचं माप वाढलं तसा आतल्या औषधाच्या हालचालीचा वेगही वाढलेला त्यांना मिळाला, इतका की लांबलेल्या रस्त्याचा परिणाम बराचसा धुऊन निघाला. वर केलेल्या 1 दिवस विरुद्ध 52 दिवसांच्या हिशेबात ही भिंत पोखरण्याची बाब धरलेलीच नव्हती.

एका कणाचे सात आठवडे

आता कॉन्स्टाचा एक कण घेऊ. 100 मायक्रॉनचा, जाडसर केसाएवढा.

पहिल्या काही तासांत त्याच्या पृष्ठभागावर चिकटलेलं थोडं रिस्पेरिडोन धुऊन निघतं. हेच ते 1 टक्क्याच्या आतलं. कण दाट आहे, बाहेरपर्यंत उघडणारी छिद्रं फारशी नाहीत, म्हणून तेवढंच. जी आहेत तीही टिकत नाहीत. कोरड्या पीएलजीएचा मऊ पडण्याचा बिंदू 45 ते 55 अंश सेल्सियसच्या दरम्यान असतो, पण पाणी शोषलं की तो खाली येऊन शरीराच्या तापमानाला टेकतो. पृष्ठभागावरची साखळी थोडी हलती होते आणि बारीक छिद्रं आपोआप बुजतात. मिशिगन विद्यापीठात स्टीव्हन श्वेंडेमन यांच्या गटानं हे बुजणं नीट दाखवलं आहे.

पुढचे पंधरा-वीस दिवस बाहेरून काही दिसत नाही, पण आत काम जोरात चालू असतं. पाणी कणभर पोचलेलं असतं. लांब साखळ्या मध्यम होतात, मध्यम आखूड होतात. पॉलिमरचं वजन मात्र फारसं घटत नाही, कारण तुटलेले तुकडे अजूनही पाण्यात विरघळण्याइतके आखूड नसतात. दुसरीकडे रिस्पेरिडोनही पाण्यात विरघळायला नाखूश असतं. हा रेणू आम्लारी आहे, तटस्थ पाण्यात त्याची विद्राव्यता फारच कमी. तेव्हा रस्ता बंद आणि प्रवासीही बसून. 25 मायक्रॉनचा कणही याच दोन कारणांनी अडतो. म्हणूनच बारीक कणांचा लवकर सुटण्याचा हक्क इथे बहुतांशी बुडतो.

रिस्पेरिडोनच्या आम्लारीपणानं आणखी एक गुंता होतो. ते तयार होणाऱ्या आम्लाचा काही भाग शमवतं, म्हणजे साचलेल्या आम्लाची ती वरची गोष्ट इथे जशीच्या तशी लावता येत नाही. उलट, ते स्वतःच एस्टर बंधांवर चढाई करतं आणि पॉलिमर लवकर तुटायला हातभार लावतं. औषधानं भरलेले कण रिकाम्या कणांपेक्षा लवकर विघटित होतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. मोठ्या कणात आम्ल जास्त साचतं खरं, पण तिथे औषधही भरपूर असतं. त्यामुळे ‘मोठा कण म्हणजे लवकर पोखरण’ हा डब्लिनचा नियम कॉन्स्टावर डोळे झाकून लावू नये.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास साखळ्या इतक्या आखूड होतात की तुकडे विरघळून निघू लागतात. कणाला आतून पोकळ्या पडतात, पाणी धो धो आत येतं, आत आम्ल असल्यामुळे रिस्पेरिडोनही बऱ्यापैकी विरघळतं. धरण फुटल्यासारखं एकदम होत नाही, पण आलेख चढतो तो इथून. सगळे कण एकाच दिवशी या टप्प्याला पोचत नाहीत. कणाकणांतल्या फरकांचा पुरवठा लांबवण्यात हात असावा, आणि 25 ते 180 च्या पसाऱ्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा तोच. सगळे कण नेमके एका मापाचे असते, तर चौथ्या ते सहाव्या आठवड्याचं पठार बहुधा जास्त टोकदार झालं असतं.

मग बारीक का करत नाहीत

मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा हट्टानं सगळे कण 10 मायक्रॉनच्या खाली आणले. तीन आठवड्यांचा खंड थोडा कमी होईलही, कारण पृष्ठभागाजवळचं औषध एकूण औषधाच्या तुलनेत खूप वाढेल. पण ते वाढलेलं औषध पहिल्या दिवशीच सुटेल. मनोविकारावरच्या औषधात पहिल्या दिवसाची उसळी म्हणजे रक्तदाब घसरणं, झोप येणं, हातपाय आखडणं. गोळी असती तर दुसऱ्या दिवशी बंद करता आली असती, टोचलेला कण परत काढता येत नाही. शिवाय 10 मायक्रॉनच्या खालचे कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळू शकतात. मग आपण आखलेलं वेळापत्रक कणाच्या हातात उरत नाही.

वरच्या बाजूला सुईची मर्यादा. कमरेतलं इंजेक्शन 20 गेजच्या सुईनं देतात. त्या सुईचं भोक साधारण 600 मायक्रॉनचं. दोनशे मायक्रॉनचे तीन कण शेजारी आले की आडवी कमान तयार होऊ शकते आणि पिचकारी अडते. म्हणून वरची सीमा सुईच्या भोकावरून ठरते, त्यात औषधशास्त्र फारसं नाही. जे कण इंजेक्शन म्हणून द्यायचे, त्यांचं माप शेवटी परिचारिकेच्या अंगठ्याच्या जोराशी बांधलेलं असतं.

हे मिश्रण तयार करतानाही कणांचं वजन जाणवतं. सोबतचं द्रव घालून बाटली जोरात, किमान दहा सेकंद हलवायची. दुधासारखं दाटसर मिश्रण होतं आणि कण नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. लगेच टोचलं नाही तर ते खाली बसायला लागतात. दोन मिनिटं गेली की पुन्हा हलवायचं. तळाशी बसलेले कण बाटलीत राहून गेले, तर राहून जातात ते मोठे, आणि औषधाचा मोठा वाटा त्यांच्याच पोटात असतो. माहितीपत्रक पूर्ण बाटलीच द्यायला सांगतं, अर्धी मात्रा काढून देण्याची मुभा देत नाही, यात ही बाबही असावी.

इथे मापाच्या अहवालाबद्दल एक सूचना. कणांची सरासरी दोन प्रकारे काढता येते: संख्येनं किंवा आकारमानानं. समजा एका नमुन्यात 25 मायक्रॉनचे 1,000 कण आहेत आणि 180 मायक्रॉनचे फक्त 10. संख्येनं पाहिलं तर 99 टक्के माल बारीक. औषधाच्या वजनानं पाहिलं तर सुमारे 79 टक्के औषध त्या दहा कणांत. ‘सरासरी आकार 27 मायक्रॉन’ हे वाक्य खोटं नसतं, पण पुढचे सहा आठवडे रुग्णाला काय मिळणार याबद्दल ते काहीही सांगत नाही. सरासरी कुठल्या आधारावर काढली हे न लिहिलेला अहवाल मी तरी परत पाठवीन.

तेच घटक, तेच प्रमाण, निराळं वागणं

आकार हा एकटाच सूत्रधार नाही याचा चांगला पुरावा कनेक्टिकट विद्यापीठात डायन बर्जेस यांच्या गटानं 2015 च्या सुमारास दिला. एफडीएच्या पाठबळावर झालेलं हे काम. कॉन्स्टाशी घटकांनी आणि त्यांच्या प्रमाणानं जुळणारे रिस्पेरिडोनचे कण त्यांनी बनवले, पण द्रावक आणि बनवण्याची रीत मुद्दाम बदलली. कणांचं माप बदललं, सच्छिद्रता बदलली, आणि औषध सुटण्याचा वेग बदलला, परीक्षानळीतही आणि सशांमध्येही. जेनेरिक करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीनं हा निष्कर्ष डोकेदुखीचा आहे. गोळीच्या बाबतीत घटक आणि प्रमाण जुळवलं की अर्धी लढाई जिंकलेली असते. इथे बाटलीवर छापलेलं सगळं जुळूनही आतला कण वेगळा निघू शकतो. द्रावक किती लवकर निघाला, थेंब किती वेळ ओला होता, याच्या खुणा कणाच्या पोटात राहतात आणि महिनाभरानं रक्तातल्या पातळीत दिसतात.

तपासणीतही हीच गोम आहे. दीड महिना चालणारी चाचणी प्रत्येक बॅचला करत बसणं परवडत नाही, म्हणून तापमान 45 अंशांवर नेऊन ती काही दिवसांत उरकतात. पण त्या तापमानाला ओला पॉलिमर चांगलाच मऊ असतो. 37 अंशांना लहान आणि मोठ्या कणांत जो फरक दिसला असता, तो गरम चाचणीत पुसला जाऊ शकतो. घाईची चाचणी स्वस्त असते, पण तिचा 37 अंशांच्या चाचणीशी मेळ बसतो हे आधी दाखवावं लागतं.

दवाखान्यातला हिशेब

तीन आठवड्यांचा खंड डॉक्टरांच्या वहीत अनेक ठिकाणी डोकावतो. इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी असल्यामुळे पहिल्याचं औषध सुटू लागतं तेव्हा दुसरं आधीच टोचून झालेलं असतं, आणि पहिलं ऐन भरात असताना तिसरं आत गेलेलं असतं. या एकमेकांवर चढलेल्या लाटांमुळेच पातळी सपाट होते, तीही चौथ्या इंजेक्शननंतर. मात्रा वाढवली तर तिचा परिणाम तीन आठवड्यांच्या आत शोधण्यात अर्थ नाही, म्हणून चार आठवड्यांच्या आत पुन्हा बदल करू नये असं माहितीपत्रक सांगतं. इंजेक्शन बंद केलं तरी शेवटच्या मात्रेनंतर सात-आठ आठवडे औषध शरीरात राहतं. या इंजेक्शननंतर रिस्पेरिडोन आणि त्याच्या सक्रिय रूपाचं रक्तातलं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) तीन ते सहा दिवसांचं दिसतं, आणि तेही कणांच्या झिजण्यामुळे. म्हणजे हा लांबलेला काळ औषधाचा नाही, कणाचा आहे.

घरच्या माणसांना हे आधी समजावून सांगणं फार गरजेचं असतं. नाहीतर दोन आठवडे झाले, फरक नाही, म्हणजे इंजेक्शन लागू पडत नाही, असा समज होतो. किंवा इंजेक्शन दिलंय ना, मग गोळ्या कशाला, म्हणून गोळ्या थांबतात. दुसऱ्या चुकीची किंमत जास्त. त्या तीन आठवड्यांत रुग्ण औषधाविनाच असतो, फक्त कुणाला ते कळलेलं नसतं.

हा खंड म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, हे जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट झालं. लुये फार्मा या चिनी कंपनीच्या रायकिंडो या इंजेक्शनला एफडीएनं मंजुरी दिली. औषध तेच रिस्पेरिडोन, कणही पीएलजीएच्याच कुळातले, अंतरही दर दोन आठवड्यांचंच. पण पहिल्या इंजेक्शननंतर तोंडानं गोळ्या द्यायच्या त्या फक्त सात दिवस.